संगणकीय भाषाविज्ञानात परदेशी मास्टर्स: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

संगणकीय भाषाविज्ञान म्हणजे माणसाची भाषा संगणकाला हाताळता यावी यासाठी भाषाविज्ञान आणि प्रोग्रॅमिंग एकत्र वापरणारा विषय. हा लेख दोन प्रकारच्या मुलामुलींसाठी आहे. एक म्हणजे इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी कॉम्प्युटर करता करता ज्यांना भाषेच्या प्रश्नांची गोडी लागली ते. दुसरे म्हणजे मराठी, इंग्रजी, संस्कृत किंवा जर्मन घेऊन बीए करणारे, ज्यांना यापुढे एमए, बीएड सोडून आणखी काय, हे शोधायचं आहे. संगणकीय भाषाविज्ञानाच्या मास्टर्सला दोघेही जाऊ शकतात. अर्ज नाकारले जातात तेही बहुतेक एकाच कारणाने: विषयाची अर्धी बाजू गुणपत्रिकेवर दिसतच नाही. इंजिनिअरकडे भाषाविज्ञानाचा एकही पेपर नसतो आणि बीएवाल्याकडे गणित, प्रोग्रॅमिंग नसतं. बाकीची कागदपत्रं वेळेवर जमवता येतात, पण ही उणीव शेवटच्या महिन्यात भरून निघत नाही. म्हणून खाली तयारीच्या पायऱ्यांवर जास्त लिहिलं आहे.

उदाहरणं मुख्यतः जर्मनीची घेतली आहेत. तिथे हा विषय इंग्रजीतून शिकवणारी सरकारी विद्यापीठं एकाहून अधिक आहेत आणि मध्यमवर्गीय घराला तिथला खर्च पेलवण्यासारखा आहे.

१. तारखा उलट्या मोजा

जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि या विषयाचे बरेच अभ्यासक्रम त्याच सत्रात प्रवेश देतात. तिथून मागे या. व्हिसाचा अर्ज जून-जुलैत जायला हवा. त्यासाठी प्रवेशपत्र हातात हवं, म्हणजे विद्यापीठाकडचा अर्ज फेब्रुवारी ते मे या काळात गेलेला हवा. नेमकी तारीख प्रत्येक अभ्यासक्रमाची वेगळी असते आणि युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ती बऱ्याचदा आधीची असते. संकेतस्थळावर दोन तारखा दिसल्या तर आपली कोणती ते नीट वाचा. अर्जासोबत एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे गुणपत्रिका खऱ्या असल्याचा दाखला, लागतं (पायरी ७ पाहा). ते निघायला वेळ लागतो, म्हणून त्याचं काम आदल्या वर्षाच्या शेवटी सुरू झालेलं असावं.

थोडक्यात, पदवीच्या शेवटच्या वर्षी गणपतीच्या आधी पासपोर्ट, दिवाळीच्या आधी इंग्रजीची परीक्षा आणि नाताळच्या आधी एपीएसचा अर्ज. स्वीडन आणि इरास्मस मुंडस (युरोपीय संघाचे संयुक्त मास्टर्स) यांचे अर्ज साधारण जानेवारीच्या आसपास बंद होतात, अमेरिकेचे बरेचसे डिसेंबर-जानेवारीत. त्यांचाही विचार असेल तर सगळं आणखी महिनाभर अलीकडे ओढा. उणी बाजू भरण्याचं काम त्याच्याही आधी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षापासून सुरू करायचं.

२. उणी बाजू भरून काढा

*कॉम्प्युटरवाल्यांसाठी.* तुम्हाला पायथन येतं, मशिन लर्निंगचा एखादा पेपर झालेला असतो. प्रवेश समिती तुमच्यात शोधते ते वेगळंच: भाषा कशी चालते याचं तुम्हाला काही वाटतं का? ‘तिने पत्र वाचलं’ आणि ‘तिने चिठ्ठी वाचली’ या वाक्यांत वाचणारी तीच असून क्रियापद का बदललं, याचं उत्तर देता आलं पाहिजे. कर्त्याला ‘ने’ लागला की भूतकाळातलं सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. हे आपण शाळेत प्रयोग म्हणून शिकलो आहोत, त्यावरची धूळ तेवढी झटकायची. ध्वनी, शब्दघटना, वाक्यरचना आणि अर्थ या चारही पातळ्यांची तोंडओळख हवी. भाषाविज्ञानाचा जुना आणि भक्कम विभाग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. तिथलं एमए आधी करून मग बाहेर जाणं हाही पूर्ण शहाणपणाचा मार्ग आहे. त्यात वेळ जातो, पण पाया पक्का होतो.

*बीएवाल्यांसाठी.* तुमचं काम जास्त आहे, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पायथन, संभाव्यता, संख्याशास्त्राची मूळ तत्त्वं आणि रेषीय बीजगणित एवढं लागतंच. अकरावी-बारावीला गणित नसेल तर बालभारतीच्या अकरावी विज्ञान शाखेच्या पुस्तकातली संभाव्यता आणि मॅट्रिक्स ही प्रकरणं आधी सोडवा. मॅट्रिक्सचा गुणाकार हाताने जमत नसताना न्यूरल नेटवर्कचे व्हिडिओ पाहिले तर शब्द पाठ होतात, समजत काही नाही. रोज दीड-दोन तास दिले तर सहा-आठ महिन्यांत बऱ्यापैकी हात बसतो.

दोघांसाठीही एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे, कोर्स उपयोगी आहेत. आयआयटी खरगपूरचा नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंगचा कोर्स तिथे आहे. व्हिडिओ फुकट असतात. प्रमाणपत्रासाठी परीक्षा शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, ती द्याच. आणखी एक गोष्ट कॉलेजात विचारा: या कोर्सचे क्रेडिट गुणपत्रिकेवर चढवता येतात का? कॉलेजने मान्य केलं तर येतात. नुसतं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिकेवर छापलेले क्रेडिट यांच्या वजनात फार फरक आहे. समिती अर्ज चाळते तेव्हा आधी गुणपत्रिकेतले विषय मोजते.

पाठ्यपुस्तक म्हणून डॅन जुरॅफ्स्की आणि जेम्स मार्टिन यांचं पुस्तक जगभर वापरतात. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. पहिली सात-आठ प्रकरणं उदाहरणं सोडवत वाचा.

लॅपटॉपवर लाखभर घालवू नका. १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. मोठं मॉडेल चालवायची वेळ आली तर गुगल कोलॅबवर मर्यादित काळ जीपीयू (मोठी आकडेमोड झपाट्याने करणारी चिप) फुकट मिळतो.

३. मराठीवर एक छोटं पण पुरं काम करा

सगळ्यांचे प्रोजेक्ट सारखेच असतात: इंग्रजी चित्रपट परीक्षणांचं भावविश्लेषण, म्हणजे परीक्षण चांगलं की वाईट ते संगणकाने ओळखणं. समितीने ते शेकडो वेळा पाहिलेलं असतं. तुमच्याकडे मराठी आहे. तिची आकडेसामग्री इंग्रजीच्या मानाने फारच थोडी आहे. वाक्यरचनेचं विश्लेषण जगभर एका समान पद्धतीने साठवणाऱ्या युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज या प्रकल्पात मराठीच्या ‘यूफाल’ संचात फक्त ४६६ वाक्यं आहेत. एखाद्या सत्रात शंभर नवी वाक्यं त्याच पद्धतीने नीट विश्लेषण करून ठेवली, तरी ते खरं योगदान ठरतं.

विषय जवळचाच घ्या. लासलगावच्या कांदा बाजारभावाच्या बातम्या, द्राक्षबागायतीचे सल्ले, कुंभमेळ्याच्या सूचना, काहीही चालेल. ‘द्राक्षबागायतदारांनासुद्धा’ हा एक शब्द घ्या. त्यात समास आहे, सामान्यरूप आहे, विभक्तीचा प्रत्यय आहे आणि वर ‘सुद्धा’ चिकटलेलं आहे. हिंदीत ‘किसानों को भी’ असं तोडून लिहितात. म्हणून हिंदीसाठी केलेलं साधन मराठीवर तसंच्या तसं लावलं की अडखळतं. हे कुठे आणि किती वेळा अडखळतं ते मोजून दाखवणं हाच प्रोजेक्ट होऊ शकतो. तुलनेला पुण्याच्या एल३क्यूब गटाची मराठी मॉडेलं आहेत, त्यांचं महाबर्ट मोफत उतरवून घेता येतं.

मजकूर गोळा केला की पहिली अडचण येते ती लिपीची. यात बहुतेकांची फसगत होते, म्हणून सविस्तर सांगतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ‘ऱ्यां’ दोन पद्धतींनी टंकलेला सापडतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ‘य’. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, मग ‘य’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन निराळे शब्द आहेत. शब्दांची वारंवारता मोजली की ‘शेतकऱ्यांना’ यादीत दोनदा येतो आणि दोन्ही ठिकाणी आकडा खोटा असतो.

युनिकोडचं एनएफसी हे नेहमीचं प्रमाणीकरण चालवूनही हा फरक जात नाही, कारण ते जॉइनरला हात लावत नाही. मग पुष्कळ जण सगळे जॉइनर सरसकट पुसून टाकतात. ते तर आणखी वाईट. जॉइनर गेला की ‘र’, हलन्त, ‘य’ एवढंच उरतं आणि त्याचा रफार होतो: ‘शेतकर्यांना’. बरोबर नियम असा: ‘र, हलन्त, जॉइनर’ ही तिकडी दिसली की तिच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला आणि त्यानंतरच उरलेले जॉइनर काढा. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही असंच आहे. कुठे ते एकच अक्षर असतं, कुठे ‘अ’ला वेगळा चंद्र जोडलेला असतो. हे दोन नियम तुमच्या रीडमीमध्ये (प्रोजेक्टसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) कारणासकट लिहिलेले असले, तर वाचणाऱ्याला कळतं की या विद्यार्थ्याने आकडेसामग्री स्वतः हाताळली आहे.

बागलाण, मालेगाव, कळवण भागातल्या मुलांनी अहिराणीचा, पेठ-सुरगाण्याच्या मुलांनी कोकणा बोलीचा विचार जरूर करावा. घरात बोलली जाणारी बोली ही इथे मोठी ताकद आहे, ती अर्जात लपवू नका. फक्त आवाज मुद्रित करताना बोलणाऱ्याची परवानगी घ्या. मुद्रण कशासाठी आहे आणि कुठे ठेवणार हे त्यांच्याच बोलीत समजावून सांगा आणि तीही परवानगी मुद्रित करून ठेवा. वर्तमानपत्रांचा मजकूर हक्काधीन असतो. तो गिटहबवर (कोड सर्वांसाठी ठेवायच्या संकेतस्थळावर) जसाच्या तसा टाकू नका. दुवे, तुमची लेबलं आणि कोड टाका.

४. विद्यापीठ निवडताना नाव नव्हे, विषयपत्रिका वाचा

हा विषय वेगवेगळ्या नावांखाली शिकवला जातो. सारब्रुकेनच्या सारलँड विद्यापीठात तो ‘लँग्वेज सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या नावाने एमएस्सी आहे. जर्मनीचं कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन केंद्र, डीएफकेआय, त्याच परिसरात आहे. विद्यार्थ्यांना सहायकाची कामं मिळण्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. श्टुटगार्टला ‘कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स’ एमएस्सी आहे, ट्युबिंगनला त्याच नावाचं एमए. बर्लिनशेजारच्या पोट्सडॅमला ‘कॉग्निटिव्ह सिस्टिम्स’ आहे, त्यात भाषा, शिकणं आणि तर्क यांवर भर आहे. हे चारही इंग्रजीतून चालतात. हायडेलबर्गचं नाव मोठं आहे, पण तिथे जर्मन चांगली यावी लागते. ते लक्षात न घेता अर्ज करू नका.

शुल्काचा एक फरक माहीत हवा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं. श्टुटगार्ट, ट्युबिंगन आणि हायडेलबर्ग त्या राज्यात येतात, म्हणजे चार सत्रांचे ६,००० युरो. सारलँड आणि पोट्सडॅमला असं शिक्षणशुल्क नाही, फक्त सत्रवर्गणी भरायची.

जर्मनीबाहेर स्वीडनमध्ये उप्साला आणि योटेबोरी इथे लँग्वेज टेक्नॉलॉजीचे मास्टर्स आहेत, पण आपल्याला पूर्ण शुल्क पडतं. एडिंबराचा ‘स्पीच अँड लँग्वेज प्रोसेसिंग’ एका वर्षाचा आहे, शुल्क जड आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा मास्टर्स नोकरीच्या दिशेने बांधलेला आहे. इरास्मस मुंडसच्या ‘लँग्वेज अँड कम्युनिकेशन टेक्नॉलॉजीज’ या संयुक्त अभ्यासक्रमात दोन वर्षं दोन देशांत काढायची असतात. इरास्मस मुंडसची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला १,४०० युरो मिळतात. मात्र तुमच्या तुकडीला शिष्यवृत्ती आहे की नाही, हे अर्जाआधी पाहून घ्या.

निवडायची पद्धत साधी ठेवा. प्रत्येक अभ्यासक्रमाची प्रवेशाची अट आणि मॉड्यूल हँडबुक (विषयांची सविस्तर पुस्तिका) उतरवून घ्या. ‘भाषाविज्ञानाचे इतके, कॉम्प्युटरचे इतके क्रेडिट’ अशी अट असेल तर आपल्या गुणपत्रिकेसमोर ठेवून मोजा. बसत नसेल तर तो अभ्यासक्रम यादीतून काढा. पाच-सहा नेमके अर्ज पंधरा भरकटलेल्या अर्जांपेक्षा चांगले.

तीन वर्षांची पदवी किंवा मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर एक काम सगळ्यात आधी करा. त्या विभागाच्या समन्वयकाला ईमेल करून ही पदवी चालेल का ते विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. पैसे भरायला सुरुवात त्यानंतर.

कॉलेज रोडवरच्या सल्लागारांकडे जायचं की नाही, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांकडून एजंटांना सहसा कमिशन मिळत नाही. त्यामुळे तुमचं लक्ष हळूच महागड्या खासगी कॉलेजांकडे वळवलं जातं. कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स मागितलं आणि समोर डेटा सायन्स किंवा मॅनेजमेंटचं माहितीपत्रक आलं, तर तिथून उठा. या लेखातलं प्रत्येक काम स्वतः करता येण्यासारखं आहे.

५. आपले गुण त्यांच्या भाषेत मोजा

जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. रूपांतराचं सूत्र असं: जास्तीत जास्त शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला ३ ने गुणा, मग जास्तीत जास्त गुण आणि पासापुरते गुण यांच्यातल्या फरकाने भागा आणि १ मिळवा.

समजा सीजीपीए ७.० आहे, कमाल १० आणि पास ४. मग ३ गुणिले ३ म्हणजे ९, भागिले ६ म्हणजे १.५, अधिक १. उत्तर २.५. आता पासाची पातळी ४ ऐवजी ५ धरली गेली तर? ९ भागिले ५ म्हणजे १.८, अधिक १, उत्तर २.८. गुण तेच, पण २.५ ही मर्यादा असलेल्या अभ्यासक्रमातून तुम्ही बाहेर. म्हणून गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूची श्रेणीपद्धतीची पाटी स्कॅन करायला विसरू नका. ट्रान्स्क्रिप्टवर पासाची किमान श्रेणी छापलेली नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घ्या.

६. कागदपत्रं

ही यादी भिंतीवर लावा:

- पासपोर्ट
- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रं
- पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, दोन्ही बाजूंनी स्कॅन केलेल्या
- विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट आणि पदवी प्रमाणपत्र. शेवटच्या वर्षात असाल तर बोनाफाइड
- अभ्यासक्रमाची अधिकृत विषयपत्रिका, निदान भाषा, गणित आणि प्रोग्रॅमिंगच्या पेपरांची
- शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं प्राचार्यांचं पत्र, लागू असल्यास
- आयईएल्ट्स किंवा टोफेलचा निकाल
- एपीएस प्रमाणपत्र
- उद्देशपत्र, सीव्ही, दोन शिफारसपत्रं

पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे. ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये. पोलीस पडताळणीला घरी कोणीतरी असू द्या. भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला आणि मधेच खोली बदलली की प्रकरण लोंबकळतं.

आता नावाचा घोळ. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आईचंही नाव असतं आणि पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये कोणी वडिलांचं नाव घातलेलं असतं, कोणी नाही. परदेशी कारकुनाला हे तीन वेगळे माणूस वाटू शकतात. पासपोर्ट काढतानाच ठरवा की यापुढे प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहायचं: इंग्रजी परीक्षा, एपीएस, विद्यापीठ, बँक, सगळीकडे. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर नोटरीकडून ‘दोन्ही नावं माझीच’ असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, गणेशखिंडीत खेटे घालायची गरज सहसा पडत नाही. अपलोड केलेल्या गुणपत्रिका अस्पष्ट असल्या की अर्ज परत येतो. मोबाइलच्या फोटोऐवजी ३०० डीपीआयचा स्कॅन द्या. निदान तीन मोहोरबंद प्रती मागवा.

आयईएल्ट्समध्ये बहुतेक ठिकाणी ६.५ लागतात. निकाल दोन वर्षं चालतो.

७. एपीएस

भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. दिल्लीतलं केंद्र तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का ते तपासतं. शुल्क १८,००० रुपये, परत मिळत नाही. काही मोजक्या शिष्यवृत्तीधारकांना सूट असते. उशीर होतो तो मुख्यतः अपुऱ्या कागदांमुळे: एखाद्या सत्राची गुणपत्रिका राहिली, बॅकलॉगच्या जुन्या गुणपत्रिका जोडल्याच नाहीत, नाव जुळलं नाही. बॅकलॉग लपवण्यासारखा नसतो. नापास झालेल्या प्रयत्नाची गुणपत्रिकाही लावा.

८. उद्देशपत्र, शिफारसपत्रं आणि अर्ज

‘मला लहानपणापासून भाषांची आवड आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. एका प्रश्नाने करा: मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून येतं, त्याने अमुक साधन कुठे चुकतं, मी काय करून पाहिलं, आकडा किती सुधारला, काय सुधारलं नाही. मग त्या विद्यापीठातला कोणता गट यावर काम करतो आणि कोणते दोन विषय तुम्हाला घ्यायचे आहेत. दीड पान पुरे. तेच पत्र नाव बदलून सगळीकडे पाठवलं की लगेच ओळखू येतं.

शिफारसपत्र प्राचार्यांकडून घेण्यापेक्षा ज्यांनी तुमचं काम पाहिलं त्या सरांकडून किंवा मॅडमकडून घ्या. विद्यापीठ बऱ्याचदा थेट त्यांना ईमेल पाठवतं आणि तो कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर जायला हवा. आपल्याकडे पुष्कळ प्राध्यापक जीमेलच वापरतात, म्हणून महिनाभर आधी त्यांना विचारून अधिकृत ईमेल सुरू करून घ्या. सोबत तुमच्या कामाचं एक पानी टिपण द्या, त्यांना लिहायला सोपं जातं.

काही विद्यापीठं युनि-असिस्ट या केंद्रामार्फत अर्ज घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो. पैसे पोचल्याशिवाय ते अर्ज उघडतही नाहीत, त्यामुळे शेवटच्या दिवशी पैसे पाठवून उपयोग नाही.

९. पैसे

राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे पैसे आधीच भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. रुपयांत बारा लाखांच्या आसपास धरा आणि भरण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर रक्कम पुन्हा पाहा. हे पैसे तुमचेच असतात, तिथे गेल्यावर दर महिन्याला हप्त्याने मिळतात. कर्ज काढताना बँकेला हे नीट सांगा, कारण ‘शिक्षणशुल्क नाही तर कर्ज कशाला’ असा प्रश्न शाखेत हमखास येतो. ब्लॉक्ड अकाउंटची अट दूतावासाच्या पानावरून छापून न्या.

बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ४ ते ७.५ लाखांना त्रयस्थ जामीनदार लागतो आणि ७.५ लाखांच्या वर तारण. इथे निफाड-दिंडोरीच्या शेतकरी घरांची अडचण होते. सातबारावर दहा एकर बागायत असली तरी शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून सहसा घेत नाहीत. सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्यामुळे बँकेला ती त्या कायद्याने विकून वसुली करता येत नाही. बिगरशेती प्लॉट, शहरातला फ्लॅट किंवा मुदतठेव चालते. हे जानेवारीतच घरी बोलून ठेवा, प्रवेशपत्र आल्यावर नव्हे. मूल्यांकन आणि शोध अहवालाला तीन-चार आठवडे सहज जातात.

परदेशात पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर) लागत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागतच नाही. स्वतःच्या पैशातून पाठवलं आणि कापला गेला, तर आयकर विवरणपत्रात परत मागता येतो.

राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार वेगवेगळ्या खात्यांकडून निघतात. अनुसूचित जातींसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभाग आहे आणि त्याचं आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, तिथे समक्ष जाऊन चौकशी करा. अट वाचताना जागतिक क्रमवारीकडे लक्ष द्या. विद्यापीठ एका ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं, आणि आपल्या विषयात नावाजलेलं विद्यापीठ एकूण क्रमवारीत खाली असू शकतं. शिष्यवृत्तीवर अवलंबून असाल तर विद्यापीठांची यादी त्या अटीनुसारच बनवा.

१०. व्हिसा

महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो. शुल्क ७५ युरो, रुपयांत भरायचं. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी अर्जाच्या कामाला लागा, ब्लॉक्ड अकाउंटचं प्रमाणपत्र यायला थांबून तारीख हुकवू नका. कागदांचे दोन सारखे संच, दूतावासाच्या यादीच्याच क्रमाने लावलेले, आणि मूळ प्रती वेगळ्या फाइलमध्ये.

अर्ज द्यायला मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने जाणार असाल तर भेटीची वेळ अकराच्या आधीची घेऊ नका. गाडी वेळेवर असली तरी सीएसएमटीला पोचेपर्यंत साडेदहा वाजून जातात आणि पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात खोळंबा होऊ शकतो. सकाळची वेळ मिळाली तर आदल्या रात्री मुक्कामाला जा.

मुलाखतीत किंवा अर्जात ‘हाच विषय का’ हे विचारलं जातं. इंजिनिअरिंगनंतर भाषेकडे का वळलात, याचं दोन मिनिटांचं उत्तर इंग्रजीत तयार असू द्या.

११. पोचल्यावर पहिले आठवडे

खोलीसाठी विद्यार्थी वसतिगृहांच्या संस्थेकडे प्रवेशपत्र येताच अर्ज करा, प्रतीक्षायादी लांबलचक असते. खोली न दाखवता आधी पूर्ण अनामत मागणाऱ्याला पैसे पाठवू नका, फसवणुकीचा हा नेहमीचा प्रकार आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. त्याला घरमालकाच्या सहीचं ठरावीक पत्र लागतं, ते किल्ली घेतानाच मागा. या नोंदणीशिवाय पुढे निवास परवान्याचं काम अडतं. आरोग्य विमा विद्यार्थी दरात महिन्याला दीडशे युरोच्या आसपास पडतो आणि तो दाखवल्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदत नाहीत.

विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पहिल्या सत्रात हॉटेलातलं काम धरण्याआधी विभागातल्या प्राध्यापकांना सहायकाच्या कामाबद्दल विचारा. आकडेसामग्रीला लेबलं लावणं, कोड तपासणं अशी कामं असतात, आणि इथे तुमचा मराठी प्रोजेक्ट पुन्हा उपयोगी पडतो. वर्ग इंग्रजीत असले तरी पुढे नोकरीसाठी जर्मन लागतं. नाशिकहून निघण्याआधी जर्मनची ए१ ही पहिली पातळी आणि शक्य असेल तर ए२ करून घ्या.

आणि परीक्षेबद्दल: तिथे विषयाला बसणं आणि परीक्षेसाठी नाव नोंदवणं ही दोन वेगळी कामं आहेत. वर्गाला सत्रभर हजेरी लावली म्हणून परीक्षेला आपोआप बसता येत नाही. परीक्षा नोंदणीची मुदत विभागाच्या पोर्टलवर असते. ती हुकली तर तो पेपर पुढच्या वेळेवर जातो, आणि वर्षातून एकदाच होणारा पेपर असेल तर वर्षभर. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाची नोंदणीची तारीख फोनमध्ये गजर लावून ठेवा.